फरशीखालच्या बहिणी

पांघरुणं घेतलीत सगळ्यांनी? मग ऐका हं. मधेच उठून बसायचं नाही.

एकदा काय झालं, एक होता राजा. त्याचं नाव चिरेराव. मनानं अगदी चांगला, पण भारी घोर लावून घेणारा. ढग आले की म्हणायचा, आता पूर येणार. ऊन पडलं की म्हणायचा, आता वणवा लागणार. जेवताना साधा ठसका लागला तरी त्याला वाटायचं, संपलं आपलं. अशी माणसं असतात, आपल्याही घरात आहेत, नावं घेत नाही.

या राजाचं नगर पाथरवटांचं. पाथरवट म्हणजे दगड घडवणारी माणसं, बरं का. राजाचा पणजोबासुद्धा पाथरवटच होता. म्हणून तिथं गादीवर बसायच्या आधी राजानं स्वतःच्या हातानं एक चिरा घडवायचा. चिरा चौकोनी आला नाही, तर गादी नाही. मग नगरात जिथं पाहाल तिथं दगड. रस्ते दगडाचे, अंगणं दगडाची, गोठ्यात फरशी, परसात फरशी. पोर पडलं की गुडघा फुटलाच म्हणून समजा. पण काम काय सुरेख! दोन दगडांच्या सांध्यात सुई जायची नाही. आणि त्या लोकांचं एक होतं. कुठं चिखल झाला, कुठं घूस लागली, कुठं काही बिनसलं, की त्यांना एकच औषध ठाऊक. फरशी बसवा.

या नगराला लागून एक नदी वाहायची. जुनाई तिचं नाव. डोंगराच्या पायथ्यापासून निघायची ती नगरावरून पुढं लांब लांब जायची. केवढी मोठी म्हणाल, तर या काठावरून हाक मारली की त्या काठावरच्या माणसाला नुसते ओठ हललेले दिसायचे.

राजाची राणी होती गोजरा. ती डोंगरावरच्या खेड्यातली. तिच्या माहेरी तीन छोट्या नद्या होत्या. नद्या कसल्या, ओढेच ते, पण लोक त्यांना पोरीबाळींसारखी नावानं हाक मारायचे. एक उनाडी, ती वाट सोडून कुणाच्याही शेतात शिरायची. एक घोगरी, तिचा आवाज दगडांतून घोगरा यायचा. आणि एक धाकली, ती एवढीशी, वासरानंही उडी मारून ओलांडावी अशी. तिघी डोंगर उतरून जुनाईला मिळायच्या. लोक म्हणायचे, या जुनाईच्या बहिणी आहेत. गोजरा त्यांच्यात डुंबत लहानाची मोठी झाली. लग्न होऊन नगरात आली तेव्हा रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मग तिनं दारावरून जाणारी जुनाई पाहिली. तिला वाटलं, अगं बाई, हे तर माझ्या माहेरचंच पाणी. मग तिचं रडं थांबलं.

मग काय झालं, पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, पाऊस नाही. दुसरं गेलं, नाही. तिसरं गेलं, तरी नाही. विहिरी आटल्या. तळ्यांत म्हशी बसायच्या तिथं भेगा पडल्या. गोजराच्या माहेरचा माणूस आला, त्यानं सांगितलं, "ताई, तिन्ही ओढे गेले. उनाडी गेली, घोगरी गेली, धाकलीसुद्धा गेली. नुसते दगडगोटे उरलेत." गोजरानं त्या दिवशी जेवण केलं नाही. घरातलं कुणी गेल्यासारखं तिला झालं.

पण काय नवल सांगू! जुनाई मात्र वाहत होती. थोडी बारीक झाली होती, पण वाहत होती. वरून थेंब नाही, बहिणी आटलेल्या, आणि ही आपली रोज सकाळी काठाशी हजर. लांब लांबच्या गावांची माणसं गुरंढोरं घेऊन यायची, पोटभर प्यायची, घागरी भरून न्यायची. हे पाणी येतं कुठून, असं कुणी विचारलं नाही. ताटात पडतंय तोवर कोण विचारतं? तुम्ही तरी विचारता का?

राजाला मात्र घोर लागला. तो म्हणाला, "ही आज वाहते आहे. उद्या थांबली तर? हिचं पाणी पितंय कोण, ते आधी शोधलं पाहिजे."

आधी त्याला वाटलं, पाखरं पितात. मग त्यानं बगळे हाकलायला शिपाई नेमले. शिपाई इकडून हुसकायचे, बगळे तिकडून यायचे. दिवसभर धावून शिपायांनाच तहान लागायची, आणि एकेक जण तांब्यावर तांबे रिचवायचा. राजानं शिपाई घरी पाठवले.

मग त्याला वाटलं, सूर्य पितो. मग त्यानं नदीवर मांडव घालायला सांगितलं. घरोघरची लुगडी आणली, धोतरं आणली, तंबूंची कापडं आणली, शिवून शिवून शिंप्यांची बोटं दुखली. मांडव झाला तो झाला, आणि दुपारी आली वावटळ. सगळा मांडव आभाळात! राजाचा जरीचा शेला तर पार शेजारच्या राज्यात जाऊन पडला. तिथल्या राजानं तो परत दिला नाही, ते जाऊ दे.

मग एके दिवशी राजा काठावर उभा होता. एक बाई घागर घेऊन निघाली, तिचा पाय लचकला आणि पाणी वाळूवर सांडलं. बघता बघता वाळूनं ते पिऊन टाकलं. राजा ओरडला, "सापडला चोर! अरे, ही वाळू पिते!"

नगराचा मोठा मिस्त्री होता धोंडोबा. राजानं त्याला बोलावलं. म्हणाला, "धोंडोबा, नदीच्या तळाला फरशी घाला. पायथ्यापासून वेशीपर्यंत. वाळूचा कण उघडा राहता कामा नये."

धोंडोबाचे डोळे लकाकले. सगळं नगर खूश झालं, कारण हे काम त्यांना येत होतं ना! बांध घालून पाणी एका अंगाला वळवलं आणि अर्ध्या पात्रात फरशी घातली. मग पाणी तिकडे वळवलं आणि उरलेल्या अर्ध्यात घातली. सांध्यांत चुना भरला. नदीचा तळ असा झाला की त्यात तोंड दिसावं. धोंडोबा म्हणाला, "महाराज, जन्मात असं काम झालं नव्हतं." मग गूळ वाटला, हलगी वाजली.

गोजरा तेव्हा पोटुशी होती. सातवा सरत आला होता. तीही पाहायला गेली. अनवाणी पायांनी फरशीवर उभी राहिली, आणि तिला उगीचच चुटपुट लागली. पण सगळे एवढे आनंदात, बोलणार काय? ती गप्प बसली. गप्प बसली हे काही बरं झालं नाही.

कारण मग काय झालं, जुनाईचं पाणी उतरायला लागलं. कमरेचं गुडघ्यावर आलं. गुडघ्याचं घोट्यावर आलं. राजा म्हणायचा, "बघा! फरशी घातली म्हणून एवढं तरी उरलं, नाहीतर वाळूनं कधीच संपवलं असतं." मग घोट्याचंही गेलं. नुसती डबकी उरली. मग तीही सुकली. नदीच्या जागी उरली फरशी, पांढरी, तापलेली. पाय ठेवला तर चटका बसायचा.

नगराच्या तोंडचं पाणी पळालं. घराघरांत रांजण होते त्यांवर दिवस निघाले. मग रांजणांचाही तळ दिसू लागला. राजानं दवंडी पिटवली, "आता इथं राहता येणार नाही. गाड्या जुंपा. समुद्राकडच्या मुलखात जाऊ." तो मुलूख किती लांब, तर तिथं जाऊन आलेला एकही माणूस नगरात नव्हता.

गोजराला आता नववा लागला होता. तिची सुईण होती ठकूमावशी. सुईण म्हणजे बाळंतपण करणारी. ती राजाला स्पष्ट म्हणाली, "महाराज, हे पोट गाडीत बसण्याजोगं नाही. वाटेत ऊन, वाटेत धक्के, आणि प्यायला घोटभर पाणी नाही. वाटेत हिचे दिवस भरले तर दोन्ही जिवांचं मी काही सांगू शकत नाही."

राजा खाली बसला. म्हणाला, "मावशी, आणि इथं थांबलो तर?"

ठकूमावशीनं कोपऱ्यातला रांजण कलता करून त्याला तळ दाखवला.

गोजरा आतून ऐकत होती. तिला स्वतःचं भय वाटलं नाही इतकं बाळाचं वाटलं. पोटावर हात ठेवून ती मनात म्हणाली, तू कुठं येणार आहेस रे राजा? गाडीत येणार आहेस का धुळीत येणार आहेस?

निघायची सकाळ झाली. बैल जुंपले. आता त्या नगराची एक रीत होती, बरं का. पोटुशी बाईनं घराचा उंबरा ओलांडून परगावी जायचं, तर आधी तिचा एक डोहाळा पुरवायचा. ती मागेल ते द्यायचं. नाही दिलं तर बाळाचा कान फुटतो, असं म्हणायचे. मग राजा आला आणि म्हणाला, "गोजरा, काय खावंसं वाटतं ते सांग. चिंच आणू? बोरं आणू?"

गोजरानं डोळे मिटले. खरंच काय हवंय, ते तिनं स्वतःला विचारलं. मग म्हणाली, "मला पाणी हवंय."

राजानं आपल्या रांजणातलं शेवटचं पाणी आणलं. चांदीच्या पेल्यात आणलं. गोजरानं ओठ लावला आणि म्हणाली, "हे नव्हे."

राजानं कुणाकडून तरी शहाळं पैदा केलं. कसं केलं देव जाणे. गोजरानं घोट घेतला आणि म्हणाली, "हे नव्हे."

राजानं देवळातलं तीर्थ आणलं, वाळा घातलेलं. गोजरानं तेही चाखलं आणि म्हणाली, "हेही नव्हे हो. मला झिऱ्याचं पाणी हवंय. आमच्याकडे वाळूत हातानं खड्डा करतात आणि वाट बघत बसतात. मग खालून पाणी झिरपतं. तसलं."

राजा म्हणाला, "अगं, पण वाळू आहे कुठं आता?"

"फरशीखाली."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धोंडोबा पुढं आला. म्हणाला, "महाराज, एक फरशी काढली की सांधा मोडला. सांधा मोडला की शेजारची हलली. मग कामाची सगळी रया गेली."

ठकूमावशी म्हणाली, "आणि नाही काढली की बाळाचा कान फुटला."

राजानं आपला स्वतःचा कान चाचपला. मग म्हणाला, "काढा एक."

सगळे नदीत गेले. धोंडोबानं पहार घातली, चारजणांनी जोर लावला, आणि एक फरशी उचलून बाजूला ठेवली. खाली वाळू होती. गोजरा एवढं पोट सांभाळत तिथं बसली आणि हातानं उकरायला लागली. मनगटापर्यंत उकरलं, कोरडं. कोपरापर्यंत उकरलं, गार लागलं. मग ती थांबली. सगळे थांबले. बैल शेपट्या हलवत उभे. ऊन डोक्यावर यायला लागलं. धोंडोबा पुटपुटला, "मी म्हटलं नव्हतं?"

आणि मग, हळूच, खड्ड्याच्या तळाशी वाळू काळी झाली.

गोजरानं खड्ड्यावर पदराची सावली धरली आणि आत वाकली. आतून आवाज आला. कसा? घोगरा!

"कोण गं ते? दार उघडलं का कुणी?"

बाकीच्यांना नुसतं बुडबुड ऐकू आलं, बरं का. पण गोजरा त्यांच्यातच वाढलेली, तिला शब्द कळले. ती म्हणाली, "घोगरे! तू? अगं, तू तर आटलीस ना?"

"आटायला काय झालंय मला? वर ऊन केवढं! म्हणून आम्ही खालून येतो. ही उनाडी आहे, ही धाकली आहे. पावसाळ्यात वरून, उन्हाळ्यात खालून. थोरलीला रोज भरवायला नको का? तिच्या दाराशी किती माणसं येतात!"

"पण पाऊस कुठं आहे? पाणी आणता कुठून?"

मग घोगरी हसली. म्हणाली, "गोजरे, आम्ही आणतो ते यंदाचं पाणी नव्हे. तुझी आजी पाळण्यात होती ना, तेव्हाचा पाऊस आहे हा. झाडांनी मुळं धरून तो हळूहळू डोंगराच्या पोटात उतरवला. तिथून आम्ही तो घागरी घागरीनं आणतो. सावकाश चालतो. घाई केली की घागर हिंदकळते. आणि आम्ही तिघीच नाही. जितके ओढे, तितक्या बहिणी. एकेकीची घागर लहानच असते, पण सगळ्या मिळून थोरलीला पुरतं."

मग धाकलीचा रडवेला आवाज आला. "पण कुणीतरी दार लावलं. आम्ही कधीच्या अंधारात उभ्या आहोत, डोक्यावर घागरी घेऊन. माझी मान दुखते."

उनाडी म्हणाली, "मी तर सांगत होते, चला, दुसरी वाट शोधू. आज निघणारच होतो."

गोजरा खड्ड्यात आणखी वाकली. "थांबा गं," ती म्हणाली, "तुम्हांला माझी शपथ आहे. जाऊ नका. मी उघडते दारं." मग तिनं ओंजळ बुडवली आणि ते पाणी प्यायली. तीच चव! तिला हुंदका आवरेना. हे मेलेलं माणूस जिवंत भेटल्यासारखंच होतं.

मग तिनं राजाला बोलावलं. म्हणाली, "अहो, इकडे या. हात घाला."

राजानं हात घातला. खड्डा काठोकाठ भरला होता. धोंडोबानंही वाकून पाहिलं. म्हणाला, "वरचं पाणी मुरलं असेल, महाराज."

गोजरा म्हणाली, "वर कुठं आहे पाणी, धोंडोबा?"

सगळ्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती तापलेली फरशी. धोंडोबा मटकन खाली बसला.

राजानं खड्ड्यातली ओली वाळू मुठीत घेतली. मग म्हणाला, "म्हणजे वाळू पीत नव्हती."

"नाही," गोजरा म्हणाली. "पाजत होती."

"आणि मी तिच्या तोंडावर दगड ठेवला." राजाचे डोळे भरून आले. एवढा राजा, पण सगळ्यांसमोर रडला. मग त्यानं डोळे पुसले, उपरणं कमरेला बांधलं आणि म्हणाला, "धोंडोबा, ती पहार माझ्याकडे द्या."

धोंडोबा तिथंच बसून होता. जन्मातलं सगळ्यात सुरेख काम ना ते! गोजरा त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "धोंडोबा, काम तुमचं चांगलंच आहे. म्हणून तर थेंब वर आला नाही." तेव्हा म्हातारा रडता रडता हसला. मग उठला आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला, कारण कुठली फरशी आधी उचलली की बाकीच्या सुटतील, हे त्यालाच ठाऊक होतं.

मग काय विचारता! गाड्यांचे बैल सोडले आणि फरश्यांना जुंपले. दोर बांधले, पहारी आणल्या. आयाबाया आल्या, पोरं आली, चुना खरवडायला उलथनीसुद्धा आणली. एक फरशी निघाली की खाली वाळू काळी व्हायची आणि बुडबुड व्हायची. गोजरा काठावर बसून ऐकत होती. तिला खालून कलकलाट ऐकू येत होता. "सर गं पुढं." "माझी घागर आधी ओतू दे." "धाकले, धक्का देऊ नकोस." एकेका खड्ड्यात पाणी साचलं. मग खड्ड्याला खड्डा मिळाला. दिवस कलला तेव्हा त्यात एक वाळकं पान पडलं होतं, ते जागचं हललं. आधी हललं, मग निघालं. निघालं ते सरळ वेशीकडे चालू लागलं.

"वाहायला लागली!" कोण ओरडलं कुणास ठाऊक. सगळ्या नगराचा जीव भांड्यात पडला. माणसं पाण्यात बसली, लोळली, बैलांच्या गळ्यात पडली. ठकूमावशी एवढी कडक बाई, पण तिनं राजाच्या अंगावर पाणी उडवलं. मग राजानंही तिच्यावर उडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराला मुलगी झाली. गाडीत नाही, धुळीत नाही. आपल्या घरात, आपल्या खाटेवर. ठकूमावशीनं जुनाईचं पाणी तापवून तिला न्हाऊ घातलं. मुलगी अशी रडली की बाहेर राजा ओरडला, "काय झालं? काय झालं?" मावशी म्हणाली, "काही नाही झालं. नीट आहे. रडते आहे म्हणजेच नीट आहे."

पाऊस पुढच्या वर्षी आला. त्याला यायचं होतं तेव्हा आला. तोवर जुनाई वाहत राहिली, काठाशी येईल त्याला पाजत राहिली. काढलेल्या फरश्या लावून काठावर पायऱ्या केल्या. नदीत मात्र कुणी पुन्हा दगड घातला नाही. राजानं डोंगरावरच्या झाडांना हात लावायला बंदी केली.

सव्वा महिन्यानं गोजरा बाळाला घेऊन नदीवर गेली, पाणी पुजायला. हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. मग वाळूत बसली आणि बाळाला पालथं आपल्या मांडीवर घेतलं. खाली वाळूतून पावलांचा आवाज येत होता, सावकाश, न हिंदकळता. तिनं बाळाच्या कानात सांगितलं, "ऐकलंस? तुझ्या मावश्या आल्यात."

बाळानं मान वळवली. मग ते झोपलं.

तेव्हापासून ती सगळी माणसं सुखात आहेत, आणि मला त्यांची काही काळजी नाही, तुमचीच आहे. तेव्हा डोळे मिटा आता. कुणाला तहान लागली असेल तर आत्ताच उठा आणि पाणी पिऊन या. नाही? मग झोपा, माझ्या बाळांनो. खाली त्या चालताहेत.